असोसिएशनमध्ये यंग मेंबर्सचा ग्रुप सुरू करायचाय? आधी ठराव, मग व्हॉट्सॲप

मी नागपुरात स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, प्रॅक्टिसला बारा वर्षं झाली. आमच्या सिव्हिलवाल्यांच्या असोसिएशनमध्ये आम्ही तरुण मेंबर्सचा ग्रुप दोनदा सुरू केला, पहिला चार महिन्यांत बंद पडला आणि दुसरा आता चौथ्या वर्षात आहे. मागच्या वर्षभरात वर्ध्याहून, अमरावतीहून, इथल्याच काही आर्किटेक्ट आणि फार्मासिस्ट मंडळींचे फोन आले की ताई हे कसं केलं, आम्हालाही करायचंय. प्रत्येकाशी तास-तासभर बोलणं होतं आणि तरी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. उदाहरणं आमच्या फील्डची आहेत, पण डॉक्टर, सीए, वकील कोणीही असा, पायऱ्या याच.

हा ग्रुप कशासाठी ते आधी सांगते. दुसऱ्यांदा सुरुवात करायच्या आधी आम्ही तरुण इंजिनियर लोकांशी बोलत होतो, तेव्हा तेवीस वर्षांची एक मुलगी म्हणाली की वर्धा रोडवरच्या एका साईटवर रात्री स्लॅबचं काँक्रीट चालू होतं, आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी अडकून खूप उशिरा आली, ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी टाकायला लागला, ठेकेदार म्हणतो मॅडम टाकू द्या काही होत नाही, आणि ती एकटी उभी. कॉलेजच्या सिनियरला फोन लावला, त्याने उचलला नाही. अहो, आपल्या असोसिएशनमध्ये तीस-तीस वर्षं काँक्रीट बघितलेली माणसं बसलीयत आणि त्या पोरीकडे रात्री दहाला लावायला एक नंबर नव्हता! मला ते ऐकून झोप लागली नाही. आमचा ग्रुप त्या नंबरसाठी आहे, बाकी कार्यक्रम, फोटो, हारतुरे हे सगळं नंतर.

१. घटना मिळवा आणि पूर्ण वाचा

घटना म्हणजे असोसिएशनची नियमावली, काही ठिकाणी बायलॉज म्हणतात. ऑफिसमध्ये मागितली की मिळते, थोडं मागे लागावं लागेल. महाराष्ट्रातल्या बहुतेक स्थानिक असोसिएशन १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, म्हणजे वर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आलं. वाचताना तीन गोष्टींवर पेन्सिलने खूण करा: कार्यकारिणीला उपसमिती नेमायचा अधिकार कुठल्या कलमात आहे, मेंबरशिपचे प्रकार किती आणि मत कोणाला आहे, आणि बँकेत सह्या कोणाच्या चालतात.

उपसमितीचं कलम सापडलं की अर्धं काम झालं समजा. कारण उपसमिती नेमायला कार्यकारिणीचा साधा ठराव पुरतो. पण तुम्ही म्हणालात की आम्हाला कार्यकारिणीत एक कायमची जागा पाहिजे किंवा मेंबरशिपचा वेगळा प्रकार पाहिजे, तर घटनादुरुस्ती आली, आमसभा आली, धर्मादाय ऑफिसचे कागद आले. ते पुढच्या वर्षी करा, पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

तुमची संस्था देशपातळीवरची असेल आणि नागपूरला फक्त शाखा असेल तर गोष्ट वेगळी. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स १९२० पासूनची, मुख्यालय कोलकात्याला, किंवा सीए लोकांची आयसीएआय १९४९ च्या कायद्याने झालेली, अशा ठिकाणी शाखा स्वतःच्या मनाने नियम करू शकत नाही. तिथे आधी मुख्यालयाकडे तरुणांसाठी काही योजना आहे का ते विचारा, बऱ्याचदा असते आणि शाखेत कोणाला माहीत नसते. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवारी, करणाऱ्या पोरांची विकासा ही विद्यार्थी संघटना नागपूरला आहेच, त्यांचा एखादा कार्यक्रम जाऊन बघा, पोरं काय शिस्तीत करतात ते कळेल.

इथला खड्डा: "सिनियर लोकं ऐकत नाहीत, चला आपली वेगळी संस्था काढू." हे कोणीतरी म्हणणारच. वेगळ्या सोसायटीला निदान सात जण लागतात, ते मिळतील हो, पण मग वेगळं पॅन, वेगळं खातं, दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय ऑफिसात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद, हे सगळं करायला पंचविशीतल्या पोरांकडे वेळ कुठून येणार. आणि मुख्य म्हणजे ज्या अनुभवी माणसांसाठी हे सगळं चाललंय तीच भिंतीच्या पलीकडे राहतात.

२. पंधरा जणांशी समोरासमोर बोला

गुगल फॉर्म नको. फॉर्मवर सगळे "टेक्निकल सेशन हवे" असं लिहितात, खरं काही लिहित नाहीत. आम्ही रविवारी सकाळी तर्री-पोहा खायला बोलवायचो, दोघा-तिघांना एका वेळी, आणि तीन प्रश्न विचारायचो. शेवटचं अडलं कधी होतं? तेव्हा कोणाला विचारलं? असोसिएशनच्या कार्यक्रमाला का येत नाही?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकून मी वहीत लिहून ठेवली होती. एक म्हणे मीटिंग साडेपाचला असते, मी बुटीबोरीहून सुटतो साडेसहाला. एक म्हणे लाईफ मेंबरशिपची फी एका महिन्याच्या पगाराएवढी आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेला एक मुलगा, सहा वर्षं साईटवर आहे, तो म्हणाला "मॅडम ते डिग्रीवाल्यांचं असते ना." कोणीही त्याला तसं सांगितलं नव्हतं, त्याने गृहीत धरलं होतं. आणि दोन मुली म्हणाल्या की हॉलमध्ये चाळीस पुरुष आणि आम्ही दोघी, कार्यक्रम नऊला संपतो, घरी कसं जायचं. या चारही गोष्टी नंतर आमच्या ठरावात आणि वेळापत्रकात गेल्या.

३. कार्यकारिणीतला एक माणूस आपला करा

एकच, पण पक्का. अध्यक्षच असावा असं नाही, उलट अध्यक्ष बदलतात, त्यामुळे सचिव किंवा खजिनदार बरा. कोणाकडे जायचं हे कसं ओळखायचं? ज्यांच्या ऑफिसमधले ज्युनियर टिकतात त्यांच्याकडे जा. आम्ही ज्या सरांकडे गेलो त्यांच्या ऑफिसला पोरं सात-सात वर्षं होती. सर म्हणाले, "अगं, तरुण येत नाहीत म्हणून आम्ही वीस वर्षं ओरडून राहिलो, आणि आले की त्यांना खुर्च्या लावायला सांगतो. तू कागद घेऊन ये, मी मांडतो."

जाताना तक्रारींची यादी नेऊ नका. एक पानाचा प्रस्ताव न्या.

४. वयाची अट विचार करून घाला

जगभरात बऱ्याच ठिकाणी इंजिनियर संस्था ३५ वर्षांची रेघ धरतात, अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनियरांच्या सोसायटीतही ३५ आहे. जेसीआय या तरुणांच्या संस्थेत १८ ते ४० आहे. रोटरीच्या तरुणांच्या रोटरॅक्टला आधी ३० ची मर्यादा होती, २०२० मध्ये ती काढली. म्हणजे बरोबर आकडा असा काही नाही, तुमच्या फील्डमध्ये माणूस स्वतःच्या पायावर कधी उभा राहतो ते बघा. डॉक्टरांमध्ये एमडी होईपर्यंतच तिशी येते.

आम्ही लिहिलं: वय ३५ पर्यंत, किंवा पदवी वा डिप्लोमानंतर दहा वर्षं, यातलं जे नंतर येईल ते. लग्न-बाळंतपणामुळे पाच-सहा वर्षं थांबून परत कामावर आलेल्या मुलींची पदवीची दहा वर्षं कमी पडतात हे एकीने लक्षात आणून दिलं, म्हणून मग खाली अजून एक ओळ टाकली की कामात खंड पडला असेल तर तेवढी वर्षं दहामध्ये मोजायची नाहीत. ही ओळ तुमच्या कागदात नक्की टाका. सदतीस वर्षांची एक जण त्या ओळीमुळे आली आणि साईटवरचं बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कापायच्या-वाकवायच्या मापांचा तक्ता, कसं तपासायचं हे तिच्याइतकं चांगलं आमच्यात कोणी शिकवत नाही.

वरची मर्यादा मात्र ठेवाच. नाही ठेवली तर तीच पाच माणसं पंचेचाळीसची होईपर्यंत "युवा" राहतात.

५. ठराव लेखी घ्या, हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा

आमचा पहिला ग्रुप इथेच मेला. तेव्हाच्या अध्यक्षांनी चहा पिता पिता "करा रे करा, मस्त आयडिया आहे" म्हटलं आणि आम्ही त्याच रात्री व्हॉट्सॲप ग्रुप केला, साठ जण झाले, एक साईट व्हिजिट झाली, एक गेट-टुगेदर झालं. मग निवडणूक झाली, कार्यकारिणी बदलली, आणि नव्या लोकांनी विचारलं की असोसिएशनचं नाव वापरायची परवानगी तुम्हाला कोणी दिली. आमच्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्या नावाने आम्ही एका कंपनीला पत्र दिलं होतं. पण साठ पोरं एका आठवड्यात पांगली आणि त्यातली निम्मी परत कधीच आली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

ठरावाचा मसुदा आम्ही असा दिला होता, जसाच्या तसा वापरा, फक्त कलम आणि आकडे तुमचे टाका:

"घटनेच्या कलम अमुकनुसार असोसिएशनच्या तरुण सभासदांसाठी युवा सभासद उपसमिती नेमण्यात येत आहे. उपसमितीत सात सदस्य असतील, मुदत एक वर्ष राहील, कोणताही सदस्य सलग दोनपेक्षा जास्त मुदती राहणार नाही. उपसमितीस वर्षाला अमुक रुपयांपर्यंत खर्चाची मंजुरी असून सर्व जमाखर्च असोसिएशनच्या खात्यातूनच होईल. उपसमितीचा निमंत्रक कार्यकारिणीच्या बैठकीस निमंत्रित म्हणून उपस्थित राहील. ही उपसमिती नवीन कार्यकारिणी आल्यावरही मुदत संपेपर्यंत चालू राहील. असोसिएशनच्या निवडणुकीत उपसमितीच्या नावाने प्रचार करता येणार नाही."

शेवटची दोन वाक्यं कोणी काढायला सांगितली तर अडून बसा. शेवटून दुसरं वाक्य नव्हतं म्हणून आमचं पहिल्या वेळी सगळं गेलं. आणि शेवटचं वाक्य नसेल तर निवडणुकीच्या वर्षी दोन्ही पॅनलचे लोक तुमच्या पोरांना जेवायला नेतात आणि ग्रुप दोन तुकड्यांत फुटतो.

बैठकीला जाताना फाईलमध्ये हे असू द्या:

- घटनेची प्रत, उपसमितीच्या कलमावर खूण करून
- एक पानाचा प्रस्ताव, कोण-कशासाठी-किती खर्च
- किमान पंधरा तरुण सभासदांच्या सह्या, सभासद क्रमांकासकट. जे अजून सभासद नाहीत त्यांची यादी वेगळी, "इच्छुक" म्हणून
- सहा महिन्यांचं वेळापत्रक, तारखांसकट
- ठरावाचा मसुदा, टाईप केलेला
- अंदाजपत्रक

ठराव झाला की इतिवृत्तात आला का ते बघा, आणि सचिवांच्या सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. त्याच दिवशी मागा. पंधरा दिवसांनी "टाईप व्हायचंय" असं ऐकायला येतं.

६. सात जणांची टीम

सातही एकाच कॉलेजचे नकोत. आमच्याकडे सुरुवातीला सगळे व्हीएनआयटीचे जमत होते कारण ते एकमेकांना ओळखायचे, मग ठरवून वायसीसीई, रामदेवबाबा, केडीके, गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक असे लोक घेतले. दोन डिप्लोमावाले, निदान दोन मुली, एक सरकारी नोकरीतला, एक कॉन्ट्रॅक्टरकडचा. स्वतःचं ऑफिस असलेले जास्त घेऊ नका, त्यांना काम मिळवायची ओढ असते, त्यात गैर काही नाही पण ग्रुपचा रंग बदलतो.

पदं तीनच ठेवा: निमंत्रक, हिशोब बघणारा, नोंदी ठेवणारा. आणि हिशोबवाला निमंत्रकाचा जिगरी दोस्त नको.

७. पैसे

एकच नियम, तो मोडू नका: कोणाच्याही स्वतःच्या फोनपे-गुगलपेवर पैसे घ्यायचे नाहीत. दोनशे रुपयेसुद्धा नाही. बसचे पैसे गोळा करायचे म्हणून एकाने आपला क्यूआर टाकला, चाळीस जणांनी पैसे पाठवले, तीन जण आले नाहीत, परत द्यायचे का नाही यावरून दीड महिना कटकट, आणि त्या मुलाने एक पैसा खाल्ला नव्हता तरी त्याच्याबद्दल बोललं गेलं. असोसिएशनच्या खात्याचा क्यूआर मागून घ्या, खजिनदारांकडून पावती पुस्तक घ्या.

स्पॉन्सर मिळतात, सिमेंटवाले, सळईवाले, वॉटरप्रूफिंगवाले सगळे तयार असतात. चेक असोसिएशनच्या नावाने, आणि बोलायला दहा मिनिटं, तीही शेवटी. एकदा आम्ही "टेक्निकल लेक्चर" म्हणून पोरांना बोलावलं आणि सव्वा तास एका केमिकलची जाहिरात ऐकली. पुढच्या कार्यक्रमाला अकरा जण आले होते.

८. पहिले तीन कार्यक्रम

यावर तुमचा ग्रुप उभा राहतो किंवा बसतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिला कार्यक्रम उद्घाटनाचा करू नका. दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, सव्वा तास भाषणं, आणि पोरं मागे मोबाईल बघतायत, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पहिला कार्यक्रम प्रश्नांचा करा. आम्ही "साईटवर अडलं तर" नावाने केला, स्टेज नाही, खुर्च्या गोल, चार सिनियर मध्ये बसलेले आणि पोरांनी चिठ्ठ्यांवर नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. नाव न लिहिणं महत्त्वाचं आहे. काँक्रीटच्या तपासणी ठोकळ्याचा, म्हणजे क्यूबचा, सात दिवसांचा रिझल्ट कमी आला तर २८ दिवसांपर्यंत थांबायचं का वरचा मजला चढवायचा? मालक म्हणतो कॉलम हलवा, लेखी देत नाही, काय करू? पगार तीन महिने झाला नाही, कोणाला सांगू? असे प्रश्न आले. एक सिनियर सर उठून म्हणाले की माझ्या पहिल्या साईटवर सेंटरिंग (स्लॅबखालचे टेकू) खाली बसलं होतं, मी दोन रात्री घरी गेलो नाही. त्यांनी हे आधी कोणाला सांगितलं नव्हतं म्हणे. हॉल एकदम शांत झाला, आणि नंतर साडेआठ वाजले तरी कोणी उठेना.

दुसरा, बाहेर जायचा. नागपूरला बघायला कमी नाही. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल, खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो, ३.१४ किलोमीटर, गिनीजमध्ये नोंद झालेला, त्याखालून रोज जाणाऱ्या पोरांनी तो कधी मान वर करून बघितलेला नसतो. चालू कामाच्या साईटवर जायचं तर परवानगीचं पत्र असोसिएशनच्या लेटरहेडवर, सचिवांच्या सहीने, निदान तीन आठवडे आधी द्या, सोबत नावांची यादी. हेल्मेट आणि बूट नसेल त्याला गाडीत बसवू नका, कितीही ओळखीचा असो.

तिसरा, आपल्या गावाचा प्रश्न घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, काहींनी तर स्वतःच्या घरातला चिखल उपसलाय. आम्ही नाग नदीचा नकाशा भिंतीवर लावला आणि कुठे पात्र अरुंद आहे, कुठे पुलाची कमान कमी पडते यावर दोन तास चर्चा केली. सगळ्यात जास्त लोक त्या दिवशी आले, सिनियरसुद्धा आले आणि खाली सतरंजीवर बसले.

नंतर मग कोडवरच्या चर्चा, फीचं कोटेशन कसं लिहायचं, रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्यातलं फॉर्म दोनचं, म्हणजे इंजिनियरचं, सर्टिफिकेट देताना सही कशावर करतोय ते समजणं, असं खूप आहे. आमच्याकडे "२०१६ च्या भूकंपाच्या कोडप्रमाणे नागपूर झोन दोनमध्ये, तिथे आयएस १३९२० हा कोड ऐच्छिक, मग त्यातलं डक्टाईल डिटेलिंग (भूकंपात इमारत एकदम तुटू नये अशी सळयांची रचना) करायचं का" यावर अजूनही भांडण चालू आहे आणि ते चालू राहावं असं मला वाटतं.

आणि तो फोन नंबर? पाच सिनियर आणि सात दिवसांची पाळी, दोन सरांनी दोन-दोन दिवस घेतले. रात्री अकरापर्यंत फोन उचलायचा. बारा महिन्यांत कोणी उगाच फोन केलेला नाही, लोकांना वाटतं तसं पोरं त्रास देत नाहीत.

९. तारखा नागपूरच्या हिशोबाने ठरवा

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचं काही ठेवू नका, पारा ४५ च्या वर जातो, साईट व्हिजिट तर अजिबात नको. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाईन्स-सीताबर्डी भागात मोर्चे आणि बंदोबस्त, हॉलही महाग. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या दिवसांत त्या बाजूला कार्यक्रम नको. मार्चमध्ये बिलांची धावपळ, कोणी येत नाही. राहिलं काय तर जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी, पोळा-गणपती सांभाळून. १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाला मूळ असोसिएशनचा कार्यक्रम असतोच, त्यात अर्धा तास मागून घ्या, वेगळा घाट घालू नका.

वेळ दुसऱ्या शनिवारी साडेसहा ते आठ. आठ म्हणजे आठ. जागा सीताबर्डी इंटरचेंजपासून चालत जाता येईल अशी, दोन्ही मेट्रो लाईन तिथे मिळतात, त्यामुळे हिंगण्याकडून, खापरीकडून, कामठी रोडवरून सगळ्यांना परवडतं. हा एक बदल केल्यावर मुलींची संख्या दोनावरून चौदा झाली.

१०. व्हॉट्सॲप आता करा

दोन ग्रुप. एक फक्त सूचनांचा, ज्यात ॲडमिनच लिहितो. दुसरा प्रश्नांचा, त्यात गुड मॉर्निंग, राजकारण, नोकरीच्या फॉरवर्ड नाहीत, आणि कोणाच्या साईटचा फोटो टाकताना मालकाचं आणि बिल्डिंगचं नाव नाही. मोठा निर्णय व्हॉट्सॲपवर घ्यायचा नाही, बैठकीत घ्यायचा आणि वहीत लिहायचा.

११. सोपवण्याची तयारी पहिल्याच महिन्यात

एक फाईल करा, खरी, कागदाची: ठरावाची प्रत, दर बैठकीच्या नोंदी, हिशोब, हॉलवाल्याचा, बसवाल्याचा, माईकवाल्याचा नंबर, परवानगीच्या पत्रांचे नमुने, आणि काय फसलं त्याचं एक पान. मेल आयडी आणि ड्राईव्ह उपसमितीच्या नावाने उघडा, पासवर्ड सचिवांकडेही ठेवा. एकाने सगळं स्वतःच्या मेलवर ठेवलं आणि तो पुण्याला नोकरीला गेला, आमचं वर्षभराचं साहित्य त्याच्या मागे लागून परत मिळवावं लागलं.

मुदत संपायच्या तीन महिने आधी पुढचा निमंत्रक ठरवा आणि त्याला शेवटचा कार्यक्रम पूर्ण करू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा. मी मागच्या जुलैत बाजूला झाले. फाईल असोसिएशनच्या ऑफिसात खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, आणि माझं नाव आता फोनच्या यादीत मंगळवारी आणि शुक्रवारी आहे.